धडे मोफतच राहावेत म्हणून : मराठी शैक्षणिक साहित्य देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठीतून स्वाध्याय, सराव प्रश्नपत्रिका, व्हिडिओ आणि टिपणं विनामूल्य देणारे सर्व शिक्षक, निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि तरुण मंडळी

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी कधी भेटलेले नाही, पण तुमचे आवाज आणि फळ्यावरची तुमची अक्षरं मला ओळखू येतात. मी तालुक्याच्या गावात संध्याकाळची अभ्यासिका चालवते. कुणी शिष्यवृत्तीची तयारी करतं, कुणी नवोदयची, कुणी एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेची. काही मुलं केवळ घरी टीव्हीच्या आवाजात बसायला जागा नाही म्हणून येतात. या मुलांच्या हातातले बरेचसे कागद तुम्ही तयार केलेले आहेत. ज्यांच्या घरी गाईड विकत घेणं शक्य नाही, त्यांच्यापर्यंत अपूर्णांक आणि बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न तुमच्यामुळे पोचले. त्याबद्दल आधी मनापासून आभार.

आता पत्राचं कारण. तुम्ही तुमच्या साहित्याखाली ऐच्छिक देणगीची सोय करावी, अशी माझी विनंती आहे. फी नको, सभासदत्व नको, ‘पुढचा भाग उघडण्यासाठी पैसे भरा’ हे तर मुळीच नको. ज्या मोठ्या माणसाला द्यावंसं वाटेल आणि परवडेल त्याला देता यावं, एवढंच. ज्याने दिलं नाही त्याच्या मुलालाही तेच साहित्य, तेवढंच आणि त्याच वेळी मिळावं.

हे सुचवायची वेळ आली, कारण तुमची पानं एकामागून एक बंद पडताना मी पाहते आहे. आमची मुलं गणितासाठी वापरत असत ते एक संकेतस्थळ एके दिवशी उघडेनासं झालं. काही महिन्यांनी त्याच पत्त्यावर पैसे लावून खेळायच्या खेळांचं पान दिसू लागलं. डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचं, नूतनीकरण चुकलं की पत्ता मोकळा होतो, आणि शाळाशाळांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरलेला पत्ता विकत घ्यायला अशी मंडळी टपलेलीच असतात. छापून वाटलेल्या स्वाध्यायाच्या तळाशी तो पत्ता मात्र तसाच राहतो. मूल विश्वासाने तो टाइप करतं आणि भलत्याच ठिकाणी पोचतं. ते संकेतस्थळ चालवणाऱ्यांना मी जराही दोष देत नाही. त्यांची बदली झाली असेल, घरात आजारपण असेल, किंवा ते थकले असतील. पण डोमेनचा वर्षाचा खर्च हजार-दीड हजार रुपयांच्या घरात असतो, आणि तेवढ्यासाठी वर्षानुवर्षांचं काम मुलांच्या हातून गेलं, हे मला सहन होत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंटरनेटवर टाकायला काय लागतं? काय लागतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. गुगल ड्राइव्हची फुकटची १५ जीबी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भरते. मग जागा विकत घ्या, नाहीतर जुन्या प्रश्नपत्रिका पुसा. माइक लागतो, दिवे लागतात, वीज आणि डेटा लागतो. भूमितीच्या आकृत्या कुणाकडून नीट काढून घ्यायच्या तर त्या माणसाच्या कष्टाचे पैसे द्यावे लागतात. हे सगळं आज तुमच्या पगारातून किंवा पेन्शनमधून जातं. ज्यांना पगारच नाही, डी.एड. करून भरतीची वाट पाहणारे जे तरुण हे काम करतात, त्यांचं कुठून जातं हे विचारायलाही जीव धजत नाही.

काहींनी यावर जाहिरातींचा मार्ग काढला. त्यांची अडचण मला समजते, पण अभ्यासिकेत त्याचे परिणाम मी रोज पाहते. पाचवीतली मुलगी प्रश्नपत्रिका उतरवून घ्यायला जाते तेव्हा पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन बटणं असतात आणि त्यातलं एकच खरं असतं. बाकीची दोन जाहिरातींची. ती कुठेतरी बोट लावते आणि आईच्या फोनवर नको ते अॅप उतरतं. त्यानंतर आई फोन देत नाही. त्या मुलीचा अभ्यास तिथे थांबतो, आणि तो थांबला हे तुम्हाला कधी कळतही नाही, कारण तुमच्याकडे ‘एक भेट’ म्हणून तिची नोंद झालेली असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई करणारी तरतूद आहे. जिथे वाचक मूल आहे तिथे जाहिरातीवर विसंबून राहणं कायद्याच्या दृष्टीनेही दिवसेंदिवस कठीण होणार. माझा आक्षेप कायद्याच्या आधीचा आहे. मुलाचं लक्ष ही धड्यासाठी आणलेली गोष्ट आहे. ती दुसऱ्याला विकायला आपल्याला कुणी दिलेली नाही.

‘पण शिकवण्यासाठी हात पसरायचा?’ हा प्रश्न मला अनेक शिक्षकांनी विचारला आहे, आणि तो विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो संकोच असतो त्याचा मी आदर करते. तरीही आपल्याच मातीतला इतिहास त्यांच्यासमोर ठेवावासा वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. त्या काळात मुष्टिफंड होता. घरातल्या बाईने रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला ठेवायची आणि ती वसतिगृहातल्या मुलांसाठी जायची. त्याच वसतिगृहासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासकट, मोडले. लक्ष्मीबाईंची आठवण आपण सभांमधून काढतो, आणि काढायलाच हवी. मुठीची आठवण मात्र फारशी निघत नाही. दागिने मोडायची पाळी एका घरावर येते ती बाकीच्या घरांतून पुरेशी मूठ येत नाही म्हणून. तुम्ही आज तुमच्या खिशातून जे भरता आहात ते दागिने मोडण्याच्याच जातीचं आहे. आम्हा पालकांना आमची मूठ द्यायला जागा करून द्या, एवढं मी मागते आहे.

पैसा फंडाचंही तसंच. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून निधी जमवला, लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. तिथे काचकामाचं शिक्षणही दिलं जाई. पैशा-पैशाचा निधी गोळा करणं तेव्हा किती जिकिरीचं असेल! रोकड मोजायची, पावत्या फाडायच्या, हिशेब घेऊन प्रवास करायचा. आज ती जिकीर उरलेली नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भाजीवालीच्या हातगाडीवरही क्यूआर कोड लागला. एका माणसाने दुसऱ्याला अकरा रुपये पाठवले तर अकराच्या अकरा पोचतात, मधल्यामध्ये काही कापलं जात नाही. एवढी सोय अंताजी काळे यांना मिळाली असती तर त्यांनी काय केलं असतं, असं माझ्या मनात येतं.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण तुम्हाला माहीत असेल, पण त्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. विनामूल्य धडे देणारी खान अकॅडमी काढणाऱ्या सलमान खान या अमेरिकेतल्या गृहस्थांनी २००४ मध्ये आपल्या नात्यातल्या नादिया नावाच्या मुलीला दूरवरून गणित शिकवायला सुरुवात केली, २००६ पासून यूट्यूबवर धडे टाकले आणि २००९ मध्ये चांगली नोकरी सोडून ते पूर्ण वेळ याच कामाला लागले. घर बचतीवर चाललं होतं आणि बचत संपत आली होती. त्यांच्या संकेतस्थळावर देणगीची सोय होती. त्या वाटेने अॅन डोअर या दानशूर बाईंकडून १० हजार डॉलर आले. दोघांची भेट झाली तेव्हा डोअरबाईंनी विचारलं, तुमचा चरितार्थ कसा चालतो? बचतीवर, असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी आणखी १ लाख डॉलर पाठवले. खान अकॅडमी तगली त्यात तो क्षण फार महत्त्वाचा होता. तुम्हा प्रत्येकाला अशी डोअरबाई भेटेल असं मी म्हणत नाही. पण द्यायला वाटच नसती तर त्या बाईंना ही अडचण कळलीच नसती. तुमच्या अडचणी आम्हाला कळत नाहीत त्याचंही कारण हेच आहे.

मागावं कसं, यात मात्र विकिपीडियाकडून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे. २००१ मध्ये सुरू झालेला हा ज्ञानकोश जाहिरातींशिवाय, वाचकांच्या देणग्यांवर चालतो. २००२ मध्ये पुढेमागे जाहिराती येतील अशी चर्चा नुसती निघाली तर स्पॅनिश विकिपीडियातले बरेच लेखक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा वेगळा ज्ञानकोश काढला. लिहिणाऱ्यांना ही गोष्ट किती जिव्हारी लागते ते यातून दिसतं. पण २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनीच देणगी मागणाऱ्या फलकांच्या भाषेवर आक्षेप घेतला. विकिपीडिया आता बंद पडायच्या बेतात आहे असा समज वाचकाचा व्हावा, अशी ती भाषा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी मजकूर बदलावा लागला. आपण सुरुवातीपासूनच खरं बोलू या. ‘या वर्षी डोमेन, जागा आणि आकृत्यांसाठी इतका खर्च आहे, त्यातले इतके जमले आहेत’ एवढं लिहिलं तरी मराठी पालकाला ते पुरतं.

आता मला सर्वांत जास्त काळजी आहे त्या गोष्टीकडे येते. देणगीची मागणी मुलाच्या वाटेत येता कामा नये. स्वाध्यायाच्या आधी नको, उत्तरसूचीच्या आधी नको, पडद्यावर मध्येच उघडणारी चौकट तर नकोच. ‘पालकांसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं वेगळं पान असावं आणि धड्याच्या अगदी शेवटी त्याचा लहानसा उल्लेख असावा. ‘मुलांनो, आईबाबांना सांगा’ हे वाक्य कृपा करून कुणी लिहू नका. ज्याचे वडील ऊसतोडीला गेले आहेत त्या मुलाने ते वाचलं की तो सांगत नाही, तो पानच बंद करतो. अशी मुलं मी जवळून पाहते, त्यांना कमीपणा किती लवकर लागतो ते मला माहीत आहे.

क्यूआर कोडबद्दलही सांभाळायला हवं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांसारख्यांमुळे पुस्तकातला क्यूआर कोड म्हणजे धडा, हे आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलं. त्याच कागदावर शेजारी पैशांचा चौकोन छापला तर मूल आईच्या फोनने तोही उघडणार. म्हणून छापायच्या स्वाध्यायावर देणगीचा कोड नकोच. शिवाय असा कोड कापून त्या जागी दुसऱ्याचा चिकटवणं अवघड नाही, आणि मग तुमच्या नावावर भलताच कुणी पैसे गोळा करील.

देणगीदारांची यादीही लावू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावर, कपाटाच्या दारावर, वर्गाच्या भिंतीवर देणाऱ्याचं नाव रंगवायची रीत आहे. शाळेच्या इमारतीत ते चालून गेलं. धड्याच्या पानावर नको, कारण ती यादी वाचणारं मूल आपल्या बापाचं नाव त्यात शोधतं. आणि कोचिंग क्लासवाले मोठी रक्कम घेऊन आले, ‘फक्त आमचं चिन्ह कोपऱ्यात टाका’ म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणा. त्यांच्या एका मोठ्या चेकपेक्षा अकरा-अकरा रुपये देणारी शंभर घरं तुम्हाला जास्त मोकळं ठेवतील.

हिशेब मात्र सगळ्यांना दिसू द्या. वर्षातून एकदा एक पान पुरे: किती आले, कशावर गेले, किती उरले. आणि ठरवलेला आकडा पूर्ण झाला की त्या वर्षापुरती देणगी घेणं बंद करा. ‘या वर्षाचा खर्च भागला, धन्यवाद’ असं एकदा लिहून पाहा. पुढच्या वर्षी लोक विश्वासाने देतील, यात मला शंका नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगायलाच हव्यात, कारण चांगल्या हेतूने केलेलं काम कागदपत्रांत अडकू नये. तुमच्यातले जे सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत आहेत त्यांना वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय निधी गोळा करता येत नाही. म्हणून स्वतःच्या खात्याचा कोड लावण्याआधी थांबा आणि लेखी परवानगी घ्या. सेवेत नसलेल्यांनीही वेगळं खातं ठेवावं. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात भेट म्हणून आलेली रक्कम ५० हजारांच्या वर गेली तर ती सगळीच करपात्र ठरते. मला सर्वांत बरा वाटतो तो मार्ग असा: तुमच्या भागातलं एखादं नोंदणीकृत सार्वजनिक वाचनालय, माजी विद्यार्थी संघ किंवा विश्वस्त संस्था गाठा आणि देणगी त्यांच्या नावे घ्या. त्यांच्याकडे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी असते, लेखापरीक्षण होतं, पावतीपुस्तक असतं. एका जिल्ह्यातल्या दहा-बारा जणांनी मिळून एकाच संस्थेशी जोडून घेतलं तर डोमेनपासून जागेपर्यंतचा खर्चही वाटला जाईल आणि एकाची बदली झाली तरी दुसरा पत्ता जिवंत ठेवील. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) मान्यता असेल तर जुन्या करपद्धतीतल्या देणगीदाराला सवलतही मिळते, पण एकवीस रुपये देणारा त्यासाठी अडून बसत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून तुम्हाला प्रेमाची पत्रं येतात, आणि ‘पैसे पाठवू का’ असंही विचारलं जातं. तिथे जपून. ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांची देणगी परकीय योगदान नियमन कायद्याने (एफसीआरए) परकीय योगदान ठरते आणि त्या कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी नसताना ती घेता येत नाही. ज्यांच्याकडे अजून भारताचं पारपत्र आहे ते त्यांच्या इथल्या बँक खात्यातून देऊ शकतात. बाकीच्यांना वेळ मागा. मुद्रितशोधन, चित्रं, उपशीर्षकं, जुन्या फायलींची दुरुस्ती, कामाला तोटा नाही.

त्या जुन्या फायलींबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण देणगीचा पहिला रुपया तिथे जावा असं मला वाटतं. तुमच्याकडे श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या टंकांमध्ये टाइप केलेलं किती तरी उत्तम साहित्य पडून आहे. पडद्यावर ते मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची गिचमिड असते. शोधलं तर सापडत नाही, आणि दृष्टिहीन मुलाच्या फोनमधली मजकूर वाचून दाखवणारी सोय ते वाचू शकत नाही. स्कॅन करून चित्र म्हणून ठेवलेल्या पीडीएफचीही तीच गत. हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, आणायचं तर रूपांतर करून पुन्हा एकेक ओळ तपासावी लागते, जोडाक्षरं हमखास बिघडतात. घरी बसून हे काम नीट करू शकतील अशा शिकलेल्या बायका प्रत्येक तालुक्यात आहेत. पानामागे योग्य मोबदला द्या. देणगीदाराला सांगा की तुमच्या रकमेतून इतकी पानं वाचण्याजोगी झाली. त्याला आपले पैसे कुठे गेले ते दिसेल, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या मुलालाही धडा ऐकू येईल.

एक अट मात्र स्वतःवर घालून घ्या. देणगी फक्त स्वतः तयार केलेल्या साहित्यासाठी मागा. प्रकाशकाचं गाईड स्कॅन करून टाकायचं आणि खाली देणगीचा कोड लावायचा, हे चालणार नाही. बालभारतीची पुस्तकं तर त्यांच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तिथला दुवा द्या, प्रत ठेवू नका. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं (आपलं काम वापरायची कर्त्याने आधीच दिलेली मुभा) कुणाचं चित्र घेतलं असेल तर मूळ चित्रकाराला विचारून घ्या. तुमच्या स्वतःच्या कामावरही असा परवाना स्पष्ट लिहा, म्हणजे उद्या कुणी ते पुस्तकात बांधून विकू लागला तर तुम्हाला बोलता येईल, आणि तुमचं पान बंद पडलं तर दुसऱ्या शिक्षकाला ते हक्काने पुढे चालवता येईल.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हे करता आलं तर उत्तम, कारण पालक खर्चाची मांडणी तेव्हाच करतात. माझ्याकडून मी एवढं करीन: जूनच्या पालकसभेत तुमच्यापैकी ज्यांचं साहित्य आमच्या मुलांनी वर्षभर वापरलं त्यांची नावं आणि त्यांचा हिशेब मी वाचून दाखवीन, आणि ज्यांना शक्य आहे त्यांना वर्षातून एकदा, जमेल तेवढं द्यायला सांगेन. कुणी दिलं आणि कुणी नाही हे मी विचारणार नाही. राज्यातल्या इतर अभ्यासिका चालवणाऱ्यांनाही मी हेच करायला लिहिते आहे. तुमच्याकडून त्याआधी एवढंच हवं आहे की देणगी कुठे द्यायची ते पान तयार असावं, आणि वर्षाला तुम्हाला खरोखर किती लागतं तो आकडा त्यावर लिहिलेला असावा.

आपली कृतज्ञ,
तालुक्याच्या गावात अभ्यासिका चालवणारी एक पालक